चौल बंदर
समुद्र चकलांब्यापासून दूर असला, तरी आपला बीडचा मुलूख निजामशाहीच्या अमलाखाली असता ज्या बंदरात अहमदनगरच्या दौलतीसाठी अरबी घोडे उतरत, ते चौल आपणांस परके मानता येत नाही. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ग्रंथात ‘सेमुल्ला’ म्हणून नोंदलेल्या या प्राचीन पेठेत पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन आपला घोडा घेऊन उतरला आणि जुन्नरास तेथील खानाने तो जप्त करताच हवालदिल झाला, ही हकिकत वाचताना तो काळ प्रत्यक्ष समोर उभा राहतो. १७४० साली येथील पोर्तुगीजांचा अंमल उठून हे ठाणे मराठ्यांकडे आले. व्यापार पुढे मुंबईस गेला, आणि चौललगतच्या रेवदंडा कोटाच्या भग्न तटाआड आता नारळी-पोफळीच्या बागा आहेत. अलिबागेस जाणाऱ्या वाचकांनी हा कोट अवश्य पाहावा.