बाळ पेटीत, आई बाकावर

आजारी नवजात बाळे आपल्याकडे वर्तमानपत्रात येतात ती आकडा होऊन. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत १२ अर्भके होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तीच आग, पुन्हा तसेच कोवळे जीव. दर वेळी पुढारी येतात, चौकशी समित्या नेमल्या जातात. वायरिंग, औषधखरेदी आणि रिकाम्या जागांवर चर्चा झडते. ती व्हायलाच हवी. पण या चर्चेत एक व्यक्ती कुठेच नसते. असलीच तर हंबरडा फोडतानाच्या छायाचित्रात असते. ती म्हणजे त्या बाळाची आई.

मला हे खुपते, कारण काही काळ मीही त्या आयांपैकी एक होते. माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन दीड किलोच्या आत. त्याला लगेच ‘पेटीत’ ठेवले आणि पुढचे २३ दिवस तो आत, मी बाहेरच्या बाकावर, अशी आमची वाटणी झाली. सकाळ-संध्याकाळ पंधरा पंधरा मिनिटे भेट. दर तीन तासांनी वाटीत दूध काढून सिस्टरच्या हाती द्यायचे. पोटावरचे टाके ओले, आणि नवरा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत असलेला. बाकावर ऊसतोडीवरून आलेली होती, तशी बँकेत नोकरी करणारीही होती. दार उघडून कोणी ‘अमकीचे बाळ’ असा पुकारा केला, की सगळ्यांच्याच काळजात धस्स होई. गंमत अशी, की बारसे न झालेल्या या बाळांना रुग्णालय ओळखते ते आईच्या नावाने, आणि आईला मात्र ओळखते ते भेटायला आलेली बाई म्हणून!

माझा मुलगा वाचला तो तिथल्या डॉक्टर आणि सिस्टर यांच्यामुळेच, हे मी कधीच विसरणार नाही. एकेक सिस्टर रात्रभर किती बाळांमागे धावते, ते मी पाहिले आहे. आईला बाहेर ठेवण्याच्या नियमामागेही दुष्टपणा नव्हता. संसर्गाची भीती होती, जागेची टंचाई होती आणि नातेवाइकांच्या गर्दीचा धाक होता. प्रश्न एवढाच, की आज ही भीती कितपत खरी उरली आहे?

याचे उत्तर शोधताना आधी दूरच्या कोलंबिया देशात जावे लागते. १९७८ मध्ये तिथल्या बोगोटा शहरात एडगर रे या बालरोगतज्ज्ञाने पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून कमी वजनाची बाळे थेट आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू पद्धत’. नाइलाजातून निघालेला हा उपाय पुढे शास्त्राने तपासला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय सहभागी होते. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांचे दोन गट केले गेले. एका गटाला प्रकृती स्थिरावल्यावर आईजवळ दिले. दुसऱ्या गटातील बाळे जन्मल्यापासून, उपचार चालू असतानाच, आईच्या छातीशी ठेवली. पहिल्या गटात २८ दिवसांत शंभरातली सुमारे १६ बाळे गेली, दुसऱ्यात १२. इतका फरक दिसला, की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. संसर्गाची शंका आलेली बाळेही दुसऱ्या गटात कमीच होती. जिच्यापासून जंतू येतील म्हणून दार लावून घेतले, तिचीच ऊब बाळाला तारत होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही याच पद्धतीची शिफारस केली.

आपले सरकार याबाबत अनभिज्ञ आहे, असे नाही. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आई-वडिलांना शिकवून नवजात कक्षात घेण्याचा प्रयोग आधीच झाला होता. त्याच धर्तीवर २०१७ मध्ये केंद्राने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हात कसे धुवावेत, दूध कसे पाजावे, धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत, हे सारे त्यांत आहे. अडते ते पुढे. आईने आत थांबायचे तर तिला टेकायला खुर्ची हवी, जवळ न्हाणीघर हवे, दोन वेळचे जेवण हवे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीच्या मोफत जेवणाचा हिशेब साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस असा आहे. बाळ मात्र महिनाभर आत असते!

दुसरा अडसर रोजीरोटीचा. कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि मुदतीआधीच्या बाळंतपणासाठी आणखी एक महिना आहे. पण शेतमजूर, घरकामगार, ऊसतोड करणाऱ्या बाईला यातले काय मिळते? खासगी नोकरीतल्या बापासाठी तर देशपातळीवर रजेचा कायदाच नाही. आई आजारी असेल तर बापही बाळाला छातीशी धरू शकतो, पण त्यासाठी तो तिथे असायला हवा ना? ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून, नवजात बाळ रुग्णालयात असेल तर नोकरदार आई आणि बाप दोघांनाही १२ आठवड्यांपर्यंत जादा रजा दिली आहे.

आयांना एवढे कसे जमेल, असे विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडले. आज आशा कार्यकर्ती बाळाच्या घरी जाते, तिचे मूळ या कामात आहे. रुग्णालयाबाहेर ज्या बाईवर आपण एवढा विश्वास टाकतो, तिला रुग्णालयाच्या दाराशी का अडवावे?

आणि थोडे आपल्याविषयीही. नातलगात असे बाळ जन्मले, की आपण सारे ‘बघायला’ धावतो आणि मग गर्दीच्या नावाखाली आईसाठीही दार बंद होते. त्यापेक्षा एकाने डबा पोहोचवावा, एकाने थोरल्या मुलाला सांभाळावे, आणि बाकीच्यांनी घरीच थांबावे. रुग्णालयात मात्र एक प्रश्न न घाबरता, नम्रपणे विचारावा : आईला आत बाळाजवळ कधी बसू देणार? हाच प्रश्न आमदारांना, पालकमंत्र्यांनाही विचारावा. नव्या नवजात कक्षाची फीत कापली जाईल, तेव्हा पेट्या किती आल्या हे ते सांगतीलच. पेटीशेजारी आईसाठी खुर्च्या किती, हे आपण विचारायचे.