आतड्याचे अस्तर आणि कच्चे केळे

बटाटा वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकघरांत कच्च्या केळ्याला नेहमीच दुय्यम स्थान मिळाले. पावभाजी असो वा कटलेट, ते ताटात येते ते ‘बटाट्याऐवजी’ म्हणूनच. ज्या जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, तिच्याच मुलखात तिच्या कच्च्या फळाला कोणाची तरी बदली मानावे, हा मला अन्याय वाटतो.

मोठ्या आतड्याचे आतील अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. एका बाजूस अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूस आपले रक्त आणि मध्ये श्लेष्माचा आडपडदा. दर चार-पाच दिवसांनी हे अस्तर नव्याने घडते. त्यासाठी लागणारे इंधन त्यास मुख्यत्वे जिवाणूच पुरवितात. कच्च्या केळ्यातील बराचसा स्टार्च लहान आतड्यात न पचता खाली पोहोचतो. जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट नावाचे द्रव्य तयार करतात. त्यावर अस्तराच्या पेशी जगतात, परस्परांना घट्ट धरून राहतात. दाह आवरण्याचा संकेतही संरक्षक पेशींना त्यातूनच मिळतो. उलट, तंतुमय अन्न न मिळाल्यास जिवाणू श्लेष्माचा पडदाच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

ब्युटिरिक आम्ल तर तुपातही असते, असे कोणी म्हणेल. असते, परंतु ते बहुतेक वरच्या आतड्यातच शोषले जाते.

ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात दीर्घकाळ जुलाब न थांबलेल्या बालकांना भाताच्या आहारात शिजविलेले कच्चे केळे मिसळून दिले गेले. नुसत्या भातावरील बालकांपेक्षा ती लवकर बरी झाली, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. लहान आतड्याच्या अस्तरातून होणारी गळतीही केळ्याने कमी झाल्याचे २००४ च्या अभ्यासात आढळले. औषधाच्या दुकानातून महागड्या जिवाणूंच्या कॅप्सूल आणणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. जिवाणू आपल्यापाशी आहेतच, प्रश्न त्यांच्या शिधेचा आहे. आपली कळण्याची भाकरीही त्यात भर घालते.

केळे पिकू लागले की या स्टार्चची साखर होते. म्हणून साल हिरवीगार असतानाच ते वापरावे. शिजविल्याने त्याचा काही भाग पचनसुलभ होतो, निवल्यावर थोडा पुन्हा पूर्ववत होतो. सकाळी उकडलेल्या केळ्याची कोशिंबीर दुपारी उत्तम लागते. वेफर्सचा मोह मलाही आवरत नाही, पण तेल-मीठ पाहता ते या हिशेबात धरता येणार नाहीत.

आरंभी अर्धे केळेच घ्यावे, अन्यथा पोट फुगते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यातील पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे. शौचातून रक्त जात असेल, तर केळ्यावर विसंबून न राहता विनाविलंब तपासणी करून घ्यावी.