शिकारीचं पॅकेज स्वस्त कसं असतं?

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. नामिबिया, दक्षिण आफ्रिकेत ती परवान्यावर चालते. तिथलं पॅकेज बघून ‘नोकरी लागली की जमवू’ असं वाटत असेल, तर आकडा नीट वाचा. तो बहुतेकदा राहणं, जेवण आणि गाइडचा रोजचा दर असतो. प्राण्याचे पैसे वेगळे. इम्पाला स्वस्त, कुडू बराच महाग. प्राणी जखमी होऊन झाडीत निसटला, तरी सहसा पूर्ण पैसे भरावे लागतात. (हे मला तरी योग्यच वाटतं!) म्हणून पहिला खर्च विमानाच्या तिकिटाचा नाही, इथल्या रायफल क्लबमधल्या सरावाचा.

बजेट कमी असेल तर दिवस कमी करा, एखादाच प्राणी ठरवा. पण ‘स्वस्तात सिंह’ दिसला की थांबा. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून मारले गेलेत. याला शिकार म्हणायचं?

नामिबियात १९९६ पासून गावांच्या कॉन्झर्व्हन्सींना वन्यजीवांवर हक्क आहेत. शिकारीचा पैसा आणि मांस गावालाही मिळतं. तेव्हा बुकिंगआधी विचारा: जागेला कुंपण आहे का? मांस कोणाला जातं? उत्तर टाळलं, तर सरळ बंदुकीचा नाद सोडा आणि क्रुगरला जा. छोटी गाडी भाड्याने घेऊन स्वतः फिरता येतं, तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात. फक्त संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत कॅम्पवर परता, नाहीतर दंड बसतो.