जुना सॅन अँड्रियास का ठेवायचा

घरात नवा लॅपटॉप आला की जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातल्या पोरांचा पहिला वाद ठरलेला असतो. 'जीटीए सॅन अँड्रियास' टाकायचा, पण कुठला? 2005 साली कॉम्प्युटरवर आलेला जुना, की 2021 साली नवा साज चढवून पुन्हा विकायला काढलेला 'डेफिनिटिव्ह एडिशन'? बहुतेक जण म्हणतात, नवा निघालाय तर जुना कशाला? कॉम्प्युटर जोडून देणारा दुकानदारही तेच सांगतो. मला हे मान्य नाही. ज्या गेममध्ये खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे स्वतःची भर घातली आहे, ज्यात त्यांनी केलेले बदल, म्हणजे मॉड, चालतात, त्या गेमची मूळ आवृत्तीच आधी घ्यावी आणि जपावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या आवृत्तीने खुशाल शेजारी येऊन बसावे. मूळ आवृत्तीला उठवून तिची जागा बळकावू नये.

नव्याच्या बाजूने पहिला मुद्दा निघतो तो चित्राचा. नव्यात ग्राफिक्स सुधारले, उजेड-सावल्या आल्या, मग वाद कसला? वाद असा की, सुधारणा करणाऱ्याला मूळ समजलेले असावे लागते. सॅन अँड्रियासमध्ये 'टफ नट' नावाचे डोनटचे दुकान आहे. त्याच्यावर मुळात एक भला मोठा षटकोनी नट होता, बोल्टवर पिळतात तसा. डोनटच्या दुकानावर लोखंडी नट, ही तिथली गंमत. नव्या आवृत्तीत सगळे कोपरे सरसकट गुळगुळीत करण्याच्या ओघात या नटाचेही कोन गेले आणि तो गोल कडे होऊन बसला. ज्याने तो घासला त्याला तो काय आहे हेच कळले नव्हते. पाऊसही तसाच. 2021 मध्ये तो पांढऱ्या रेघांसारखा पडद्यावर असा उतरला की समोरचा रस्ता दिसेना. जुन्या गेममध्ये लांबवर धुके असायचे. त्या काळच्या यंत्रांची ती मर्यादा होती हे खरे, पण त्या धुक्यामुळेच गेममधली तीन शहरे एकमेकांपासून दूर वाटायची. नव्यात धुके काढून टाकले, आणि डोंगरावर उभे राहिले की सगळा मुलूख एका नजरेत मावू लागला. एवढे मोठे राज्य अंगणाएवढे झाले. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी, जुन्यासारखा उजेड आणि आकाश देणारा पर्याय अपडेटमधून परत आणावा लागला. सुधारणा एवढी निर्विवाद होती, तर मग मागे का फिरावे लागले?

आणखी एक गोष्ट या वादात कोणी काढत नाही. डेफिनिटिव्ह एडिशन करणाऱ्या ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या स्टुडिओने मूळ कॉम्प्युटर आवृत्ती समोर ठेवली नव्हती. आधी याच मंडळींनी केलेली मोबाइलची आवृत्ती त्यांनी पायाला घेतली. म्हणजे ही प्रतीवरून केलेली प्रत आहे. मोबाइलवर उतरवताना जे गळले ते इथेही गळलेलेच राहिले. 'डेफिनिटिव्ह' म्हणजे शेवटचा शब्द, अखेरचा पाठ. हे नाव ज्याला द्यायचे त्याची वंशावळ तरी तपासायला हवी होती.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. जुना गेम नव्या विंडोजवर नीट चालत नाही, माऊस अडकतो, रुंद पडद्यावर चित्र ताणले जाते. हे खरे आहे. पण यावर इलाज कुणी केला? कंपनीने नव्हे. 'सायलेंटपॅच' आणि रुंद पडद्यासाठीच्या दुरुस्त्या खेळणाऱ्यांनीच लिहिल्या आणि फुकट वाटल्या. त्या टाकल्या की जुना गेम आजच्या यंत्रावर सुरळीत चालतो. उलट बाजू बघा. जुन्याला 256 एमबी रॅम पुरते, नव्याला, म्हणजे तीन जुन्या जीटीए गेमच्या एकत्र संचाला, किमान 8 जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर 45 जीबी जागा लागते. पाचोऱ्यात, साक्रीत, चोपड्यात पुष्कळ घरांत आजही थोरल्या भावाने डिप्लोमाला असताना घेतलेला कॉम्प्युटरच धाकट्याकडे येतो. त्याला 'नवाच घे' असे सांगणे म्हणजे 'खेळूच नको' असे सांगणे आहे. शिवाय नव्या आवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात गेम उघडण्यासाठी लागणारा, रॉकस्टार या कंपनीचा लाँचर एक दिवसाहून जास्त काळ बंद पडला, आणि पैसे मोजून घेतलेला, एकट्याने घरात बसून खेळायचा गेम लोकांना उघडता येईना. ज्या भागाने भारनियमनात रात्री काढल्या आहेत आणि जिथे नेट कधी जाईल याचा भरवसा नसतो, तिथे हा दोष किरकोळ कसा म्हणायचा?

आता चोरीचा मुद्दा. जुना गेम म्हणजे सायबर कॅफेतली, पेनड्राइव्हवरून फिरलेली क्रॅक केलेली प्रत. नवा म्हणजे पैसे देऊन घेतलेला, कायदेशीर. आपल्याकडे जुन्या प्रती बहुतांशी अशाच फिरल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्याचे समर्थनही मी करणार नाही. ज्यांनी गेम केला त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे. पण चोरी आवृत्तीत नसते, व्यवहारात असते. नव्या आवृत्तीच्याही चोरट्या प्रती निघतातच. मग जुना गेम प्रामाणिकपणे विकत घ्यायला निघालेल्या माणसाचे कंपनीने काय केले ते बघा. ऑक्टोबर 2021 मध्ये, नवी आवृत्ती यायच्या आधीच, संचातले जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून घेतले. पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाच दार लावले. 11 नोव्हेंबरला नवी आवृत्ती आली, ओरड झाली, आणि 19 नोव्हेंबरला रॉकस्टारने जाहीर माफी मागून जुने गेम आपल्या दुकानात परत ठेवण्याचे कबूल केले. माफी मागितली हे चांगले झाले. पण ती मागावी लागली यातच त्या धोरणाचा निकाल आहे. कायद्याचेच बोलायचे तर आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमाने रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची राखीव प्रत करून ठेवायची मुभा दिली आहे. जुना गेम विकत घ्या, त्याचा बॅकअप ठेवा. यात चोरी कुठे आली?

राहिला शेवटचा आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप: हा सगळा आठवणींचा उमाळा आहे. शाळेत असताना खेळलात म्हणून गोड वाटतो. हा आक्षेप ज्यांनी मॉड कधी उघडून पाहिलेले नाहीत तेच घेतात.

जुन्या सॅन अँड्रियासच्या फोल्डरात 'डेटा' नावाचे फोल्डर आहे आणि त्यात 'हँडलिंग.सीएफजी' ही फाइल. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक गाडीसाठी एक ओळ. आधी गाडीचे नाव, मग आकड्यांची रांग: पहिला आकडा वजनाचा, पुढे गुरुत्वमध्य, टायरची पकड, गिअर, कमाल वेग, ब्रेक, सस्पेन्शन. नववीतला मुलगा ट्रकच्या वजनाला एक शून्य जोडतो, फाइल सेव्ह करतो, गेम पुन्हा सुरू करतो, आणि तोच ट्रक समोरच्या गाड्या पाचोळ्यासारख्या उडवत निघतो. गुरुत्वमध्य वर सरकवला तर तो वळणावर आडवा होतो. विज्ञानाच्या पुस्तकात जो शब्द पाठ केला, तो इथे डोळ्यांसमोर घडतो. एखादा आकडा चुकला, जागा सुटली, तर गेम क्रॅश होतो. मग मूळ फाइल आधी बाजूला ठेवून हात लावायचा ही शिस्त तो कुणी न सांगता शिकतो. पुढे त्याला 'जीटीए3.आयएमजी' सापडते, ज्यात गाड्यांची आणि माणसांची मॉडेल भरलेली आहेत; अमेरिकन जीपच्या जागी बोलेरो येते. मग 'क्लिओ'च्या स्क्रिप्ट येतात, आणि प्रोग्रामिंग म्हणजे काय ते कळू लागते. हा मुलगा 2005 मध्ये जन्मालाही आलेला नव्हता. त्याला कसल्या आठवणी?

नव्या आवृत्तीत मॉड होतच नाहीत असे मी म्हणत नाही. होतात. पण ती अनरिअल इंजिनवर बसवलेली आहे. मॉडेल आणि चित्रांचे साचे वेगळे, फाइली वेगळ्या बांधणीच्या. जुन्या गेमसाठी लोकांनी जे हजारो मॉड केले ते तिथे जसेच्या तसे लागत नाहीत. म्हणजे नव्या आवृत्तीने कंपनीचा वाटा नव्याने रंगवला आणि खेळणाऱ्यांचा वाटा दाराबाहेर ठेवला. आणि हा वाटा लहान नाही. सॅन अँड्रियास एकमेकांशी नेटवरून खेळण्याची सोय, ज्याला सगळे 'सॅम्प' म्हणतात, कंपनीने दिलेली नाही. ती मॉड करणाऱ्यांनी उभी केली.

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण जीटीए नव्हे, 'क्रिकेट 07' आहे. ईए कंपनीचा हा गेम 2006 च्या नोव्हेंबरात आला. त्यानंतर तिने कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही, रीमास्टरही नाही. आयपीएल सुरू झाली 2008 मध्ये. म्हणजे खानदेशातल्या ज्या ज्या पोराने क्रिकेट 07 मध्ये चेन्नई विरुद्ध मुंबई सामना खेळला, त्याने कंपनीने कधी न केलेला गेम खेळला. संघ, जर्सी, मैदाने, खेळाडूंचे चेहरे, बॅटवरचे स्टिकर, सगळे पॅच करणाऱ्यांचे. उद्या कंपनीने या गेमचे चकचकीत रूप काढले आणि जुना बंद केला, तर इतक्या वर्षांची ही मेहनत एका झटक्यात निकामी होईल.

म्हणून नव्या आवृत्तीच्या विरोधात असण्यापेक्षा तिला अट घालणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. अट पाळून चांगले काम झाल्याचा दाखलाही आहे. 'एज ऑफ एम्पायर्स 2' हा 1999 चा गेम. त्याच्या चाहत्यांनी 'फरगॉटन एम्पायर्स' नावाचा मॉड केला. 2013 मध्ये तोच कंपनीने अधिकृत विस्तार म्हणून स्वीकारला. आणि 2019 च्या डेफिनिटिव्ह एडिशनचे काम त्याच मॉडवाल्यांनी उभारलेल्या स्टुडिओकडे गेले. मॉड शोधून टाकायची सोय गेमच्या आतच दिली. 2022 च्या एप्रिलमध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आला आणि एकाच 'भारतीय' गठ्ठ्यातून गुर्जर, बंगाली, द्रविड, हिंदुस्तानी असे वेगळे संघ निघाले. हा गेम कुणी विचारला तर मी बिनदिक्कत नवा घ्या म्हणेन. ज्यांनी मूळ आतून ओळखले होते त्यांच्याच हाती नवे रूप दिले गेले, फरक एवढाच आहे. उलट टोकाला 'वॉरक्राफ्ट 3'. याच गेमच्या एका नकाशातून खेळणाऱ्यांनी 'डोटा' घडवला आणि पुढे जगभर त्याच्या स्पर्धा भरू लागल्या. जानेवारी 2020 मध्ये वॉरक्राफ्ट 3 ची 'रीफोर्ज्ड' आवृत्ती आली तेव्हा जुना गेम घेतलेल्यांच्याही गळ्यात नवा बांधला गेला, जुन्यातल्या सोयी गायब झाल्या, आणि खेळणाऱ्यांनी यापुढे जे नकाशे रचावेत त्यांवर कंपनीचा हक्क सांगणारी कलमे करारात आली.

धुळ्यात बसून या वादाबद्दल लिहिताना राजवाड्यांची आठवण न येणे अशक्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या शेवटच्या दिवशी याच शहरात वारले, आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. ज्ञानेश्वरीचे काय झाले होते? नकला करणाऱ्यांनी शब्द बदलले, पदरच्या ओव्या घातल्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्या कामाची थोरवी कुणीही नाकारणार नाही. तरीही राजवाड्यांना नाथांच्या आधीचा पाठ हवा होता. त्यांनी जुनी पोथी मिळवली आणि तिच्यावरून 1909 मध्ये ज्ञानेश्वरी छापली. ती पोथी खरोखर किती जुनी यावर अभ्यासकांत पुढे वाद झाले. पण वाद घालता आला तो जुन्या पोथ्या मठांत आणि घरांत शिल्लक राहिल्या म्हणून. नाथांसारख्या अधिकारी पुरुषाच्या हातून शुद्धीकरण झाल्यावरही आपल्याला मुळाकडे जायची वाट लागते. मग घाईघाईने बाजारात आणलेल्या आवृत्तीला शेवटचा पाठ कसे म्हणायचे?

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. तिथे 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज विकत मिळत नाहीत, असे तिचे म्हणणे. ही स्थिती जिथे गेम तयार होतात तिथली. आपल्याकडे तर पाहणीसुद्धा नाही, आणि मॉडचा हिशेब कुणी ठेवलेलाच नाही.

जळगाव-धुळ्यातले सायबर कॅफे एकेक करून झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकाने झाले. त्यांच्या जुन्या हार्डडिस्क भंगारात चालल्या आहेत, आणि त्यांच्यावर क्रिकेट 07 चे पॅच, भारतीय गाड्या, इथल्याच पोरांनी केलेले बदल आहेत. असे बदल भाषेतही करता येतात. सॅन अँड्रियासमधले सगळे इंग्रजी संवाद 'अमेरिकन.जीएक्सटी' नावाच्या एका फाइलीत असतात, आणि अक्षरे चित्र म्हणून चौकटीत काढलेली असतात. रशियातल्या खेळणाऱ्यांनी तीच अक्षरे पुसून आपली लिपी काढली. देवनागरीचे काम अवघड आहे, कारण काना, मात्रा, जोडाक्षरे प्रत्येकाला जागा हवी आणि चौकटी मोजक्या. पण एखाद्या धुळेकर पोराला सॅन अँड्रियास अहिराणीत बोलता करायचा असेल, तर ज्याची फाइल आणि साधने वर्षानुवर्षे सगळ्यांना ठाऊक आहेत, तो जुना गेमच त्याला हवा.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संगणक विभागाने हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात घ्यावे, अशी माझी मागणी आहे. बंद होणाऱ्या कॅफेवाल्यांकडून डिस्क मागून घ्याव्यात. कंपनीचा गेम बाजूला ठेवून फक्त मॉड आणि पॅच वेगळे काढावेत. कुणी केला, कुठे केला, कधीचा, हे शक्य तेवढे विचारून लिहून ठेवावे. आणि सॅन अँड्रियासच्या प्रत्येक मॉडपुढे आवृत्तीचा आकडा न चुकता नोंदवावा. 2005 मध्ये गेममध्ये दडवलेला आक्षेपार्ह भाग उघडा करणाऱ्या एका मॉडवरून अमेरिकेत गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने मॉडची वाट अडवणारी दुरुस्ती केलेली आवृत्ती काढली. त्यामुळे जुन्यातही 1.00 आणि नंतरच्या असे भेद आहेत, आणि बहुतेक मॉड 1.00 वरच चालतात.