एका माणसाची पन्नास मते

रिॲलिटी शोचा विषय निघाला की आपल्या मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, सगळा पैशाचा खेळ आहे. दुसरा रात्री नऊ वाजता टीव्हीसमोरून हलत नाही. पुष्कळदा हे दोघे एकाच घरात असतात. आम्ही दुसऱ्या तटातले, तेव्हा नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

1995 साली झी टीव्हीवर ‘सारेगम’ सुरू झाले, तेव्हा निकाल जाणकार देत आणि आपण घरी बसून ऐकत असू. 2004 साली सोनीवर ‘इंडियन आयडॉल’ आले आणि निकाल प्रेक्षकांच्या मोबाइलवर आला. लोकप्रियतेचे मर्म आमच्या मते इथेच आहे. गाणे रेडिओवरही ऐकता येते, पण इथे आपले मत मोजले जाते. इंदूर-ग्वाल्हेरकडे तिकीटवाटपाच्या वेळी आपल्या संख्येची आठवण फारशी कोणाला होत नाही, त्यामुळे आपल्याला ही चव जरा जास्तच लागते. 2005 मध्ये मुंबईच्या अभिजीत सावंतने भिलाईच्या अमित सानाला मागे टाकले, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांत पेढे वाटले गेले. भिलाईचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

बँकेच्या काउंटरवर वर्षे काढल्यामुळे एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. एक चेक दोनदा वटत नाही. या शोमध्ये त्या काळी एका मोबाइलवरून पन्नास मते देता येत, तीही नेहमीच्या एसएमएसपेक्षा चढ्या दराने. याला मतदान म्हणावे की तिकीटविक्री? आता मते ॲपवरून पडतात, पण कल्पना तीच आहे.

ही मते कुठवर नेतात, हे 2007 च्या तिसऱ्या पर्वाने दाखवले. अंतिम फेरीत दोघे होते: कोलकाता पोलिसातला शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, आणि शिलाँगचा अमित पॉल. प्रशांतसाठी डोंगरात ठिकठिकाणी समित्या निघाल्या, वर्गणी गोळा झाली, एसएमएसची मोहीम चालली. तिच्या पुढाकारात बिमल गुरुंग होते. वीस वर्षे ज्यांचा शब्द तिथे चालला, ते सुभाष घिसिंग दूर राहिले. सप्टेंबरात प्रशांत जिंकला. मग दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने गोरख्यांची टिंगल केली, सिलिगुडीत दंगल उसळली आणि सैन्य बोलवावे लागले. ऑक्टोबरात गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला. पुढच्याच वर्षी घिसिंग यांना दार्जिलिंग परिषदेचे पद सोडावे लागले. गाण्याच्या स्पर्धेतून उभी राहिलेली माणसे पक्षाच्या कामाला लागली होती.

ही हकीकत आपल्याकडे थोडीफार ठाऊक असते. हरलेल्या अमितची मात्र कोणी सांगत नाही, आणि आम्हाला तीच मोलाची वाटते. अमित शिलाँगच्या बंगाली घरातला. त्या शहरात खासी आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले यांच्यात वर्षानुवर्षांची तेढ, प्रसंगी रक्तपातसुद्धा. तरी खासी शेजाऱ्यांनी त्याला आपला मानून मते दिली. मेघालय सरकारने त्याला शांतता-सलोख्याचा दूत नेमले. पिढ्यान्‌पिढ्या परभाषेच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी कोणाकडे पाहावे? प्रशांतच्या विजयाकडे की अमितच्या पराभवाकडे?

हे लिहिण्याचे कारण असे की, एखादा मराठी स्पर्धक शेवटच्या फेरीत पोचला की मंडळाच्या नावाने आवाहने फिरू लागतात: ‘मराठी माणसाला मत द्या.’ गाणे कसे झाले, याबद्दल त्यात एक अक्षर नसते. पुण्या-मुंबईच्या मुलाला मत द्यायचे तर ज्याने त्याने ऐकून द्यावे, त्यात मंडळाचा शिक्का कशाला? आणि आपल्याच गावचा मुलगा असेल, तर आवाहन हिंदीतही काढावे, सराफ्यातल्या दुकानदारांपासून कॉलनीतल्या शेजाऱ्यांपर्यंत पोचवावे, ‘आपल्या शहराचा मुलगा’ म्हणून. चार पिढ्या इथे काढल्यावर एवढे मागायला संकोच नको.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे.