खंडेनवमीची स्वच्छता आणि सोनेरी डाग

खंडेनवमीच्या सकाळी वऱ्हाडातील घराघरांच्या अंगणात बादल्यांचा आवाज सुरू होतो. शेतकऱ्याचे वखर-नांगर, सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, विद्यार्थ्याचे ग्रंथ, ज्याच्या आधारे घराचा चरितार्थ चालतो ते सारे धुऊन-पुसून देवासमोर येते. गेल्या दोन पिढ्यांत या पंक्तीत दुचाकीही मानाने येऊन बसली आहे. तिला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागते. तथापि पूजेच्या आधी जे करायचे, ते धुणे-पुसणे आपण किती जाणतेपणाने करतो, हा प्रश्न गतवर्षीच्या एका प्रसंगाने माझ्यापुढे उभा केला.

अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या दर्शनासाठी नवरात्रात अकोल्याहून अमरावतीस जाण्याचा माझा परिपाठ आहे. मुक्काम बहिणीकडे असतो. त्या गल्लीतील उत्सवाच्या कमानीला तरुण मंडळी फवाऱ्याने सोनेरी रंग देत होती. त्यांचा हेतू देवीच्या शोभेचाच होता. पण सायंकाळच्या वाऱ्याने त्या रंगाचे तुषार खाली उभ्या असलेल्या दुचाक्यांवर नेले. माझ्या आणि भाच्याच्या गाडीच्या समोरच्या काचांवर सोनेरी शिंतोडे उमटले. भाचा उत्साही. सकाळी मी स्नानसंध्येत असतानाच त्याने थिनर आणून आपली गाडी पुसली. रंग क्षणात निघाला. मग तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामाजी, रंग त गेला, पन पल्याडचं काहीच दिसत नाही."

चूक त्याच्या हाताची नव्हती, शब्दाची होती. जिला आपण सवयीने काच म्हणतो ती काच नव्हेच. ते प्लास्टिक असते, बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. खिडकीच्या काचेवरचा रंग थिनरने निघतो, काचेला काही होत नाही. प्लास्टिकला मात्र तेच थिनर खाते. पृष्ठभाग मऊ होऊन पांढुरका पडतो आणि स्क्रूच्या भोकांपाशी, जिथे ताण असतो, केसासारख्या भेगा धावतात. ॲसिटोनचेही तेच, पेट्रोलचेही. एकदा गेलेली पारदर्शकता कितीही पुसले तरी परत येत नाही.

वास्तविक ही गोष्ट आपल्या माजघरांना नवी नाही. देवघरातले तांबे चिंचेने उजळते, म्हणून कोणी चांदीच्या टाकांना चिंच लावीत नाही, आणि पोथीवरची धूळ तर कोरड्या मऊ फडक्यानेच झटकायची असते. ज्या संताने झाडू हाच आपला धर्मग्रंथ मानला, ते गाडगेबाबा १८७६ साली याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परिटाच्या घरी जन्मले. बाबा आधी गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत, हे आपण मुलांना सांगतो. परिटाच्या घरात रेशीम आणि घोंगडी एकाच दगडावर आपटीत नाहीत, हेही सोबत सांगायला हवे.

माझ्या गाडीवर मग आम्ही उलट्या क्रमाने काम केले. गाडी प्रथम सावलीत घेतली, कारण तापलेल्या प्लास्टिकवर काहीही चोळू नये. भरपूर पाणी ओतून धूळ वाहू दिली. धुळीचा कणच पुसताना कानसासारखा चालतो. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेले सुती फडके डागांवर बराच वेळ ठेवले. लांबून उडून आलेले तुषार वाटेतच अर्धे सुकलेले असतात, ते नुसते चिकटून बसतात; त्यांतले पुष्कळसे ओल्या नखानेच उचलले गेले. उरलेल्यांसाठी औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे पाणी घालून आधी चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर लावून पाहिले. तिथे काही बिघडले नाही, तेव्हा फडक्याच्या टोकाने एकेक डाग हलकेच टिपला आणि लगेच पाण्याने धुतले. दोन तास गेले. दाढीचे पाते, भांड्यांची घासणी, राख, रांगोळी, दंतमंजन यांतले काहीही जवळ येऊ दिले नाही. टूथपेस्टची शिफारस करणारे पुष्कळ भेटतात. तीत खरखरीत भुकटी असते, आणि काही पडद्यांवर जो संरक्षक थर असतो तोच ती खरवडून काढते.

जवळून मारलेल्या फवाऱ्याची गोष्ट निराळी. त्यातील द्रावक प्लास्टिकमध्ये मुरते, रंग काढला तरी ठसा राहतो. तो दृष्टीच्या रेषेत असेल तर पडदा बदलावा. खर्चाकडे पाहून घासत बसू नये.

एवढ्याशा डागाचे कौतुक कशाला, असे कोणास वाटेल. त्याने दसऱ्याच्या सुमारास सायंकाळी अमरावतीहून अकोल्यास दुचाकीने परतून पाहावे. रस्ता पश्चिमेकडे जातो आणि सूर्य बरोबर समोर उतरतो. घासून पांढुरक्या झालेल्या पडद्यावर ते किरण पडले की सारा पडदाच पेटल्यासारखा होतो, समोरून येणारी बैलगाडी त्यात विरघळून जाते. अंधार पडल्यावर तीच गत समोरच्या दिव्यांची. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विक्रम झाला. रस्ता उत्तम झाला, वेगही वाढला, आणि अंधुक दिसण्याची किंमतही त्याच प्रमाणात वाढली.

म्हणून उत्सवाच्या कार्यकर्त्यांना एक मागणे आहे. फवारा हाती घेण्यापूर्वी गल्लीतल्या गाड्या हलवाव्यात, न हलणाऱ्यांवर जुनी चादर टाकावी. देवीची कमान शेजाऱ्याच्या नुकसानीवर उभी राहू नये. आणि गृहिणींना विनंती अशी की, स्वस्तिक पडद्यावर न काढता टाकीवर वा दिव्याच्या वरच्या धातूवर काढावे. कुंकवाचे बोट पडद्याला लागलेच तर ते कोरडे न पुसता पाण्याने धुवावे, निरांजन प्लास्टिकपासून हातभर दूर ओवाळावे आणि निघण्यापूर्वी माळ समोरून काढून घ्यावी. तिचे जागेवरच असणे पुरेसे शुभ आहे, हे माझे मत. आमच्या बहिणीला ते अजून पटलेले नाही.

भाच्याने पुढे नवा पडदा बसवला. माझ्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन सोनेरी ठिपके उरले आहेत. ते नजरेच्या आड येत नाहीत, म्हणून ते तसेच ठेवून मी यंदाची खंडेनवमी साजरी करणार आहे.