परीक्षा झाली, पण नेमणूक कोणाच्या हाती?

शिडाच्या जहाजांच्या काळी इंग्लंडच्या आरमारात अंमलदार कसे नेमीत व त्यांस पगार काय मिळे, याच्याशी आम्हां शेतकरी-कारागिरांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जागा कोणास मिळावी हा प्रश्न जहाजावर आणि कचेरीत एकच आहे.

त्या काळी इंग्रजी लष्करात हुद्दे रोख पैसे मोजून विकत मिळत. ही चाल १८७१ पर्यंत चालली. आरमारात मात्र हुद्द्याची विक्री नव्हती. तेथे १६७७ साली सॅम्युअल पीप्स या चिटणिसाने लेफ्टनंटच्या जागेसाठी परीक्षा सुरू केली. हा पीप्स लंडनच्या एका शिंप्याचा मुलगा. कूळ कितीही थोर असो, आधी काही वर्षे समुद्रावर काढा, काम येते असे दाखवा, मग हुद्दा मागा, असा त्याचा दंडक होता. दंडक उत्तमच; त्याबद्दल आम्ही पीप्सला धन्यवाद देतो.

परंतु परीक्षेने माणूस फक्त लायक ठरे. जागा देणे वरिष्ठांच्या हाती राहिले, आणि तेथेच वशिला शिरला. समुद्रावरील नोकरीही कागदावर भरून निघे. सरदार घराण्यातील टॉमस कॉक्रेनचे नाव चुलत्याच्या जहाजाच्या हजेरीपटावर पाचव्या वर्षीच चढले होते. पोर घरी, नोकरी समुद्रावर! ॲडमिरल रॉडनीने १७८० साली आपल्या १५ वर्षांच्या मुलास कॅप्टन केले. उलट शेतमजुराचा मुलगा जेम्स कुक १७५५ साली साधा खलाशी म्हणून लागला; पृथ्वीप्रदक्षिणा करूनही त्यास कॅप्टनचा हुद्दा ४६ व्या वर्षी मिळाला. शिवाय कॅप्टनांची पुढची बढती ज्येष्ठतेने होई. म्हणजे जो लवकर शिरला, तो नुसता जिवंत राहिला तरी वर चढे.

आता पगार पाहा. अठराव्या शतकात सर्वांत मोठ्या जहाजाच्या कॅप्टनास दिवसास २० शिलिंग मिळत. कसबी खलाशास २८ दिवसांच्या महिन्यास २४. जहाज नसलेल्या अंमलदारास घरबसल्या अर्धा पगार. खलाशास काही नाही. लुटीची वाटणीही हुद्द्याप्रमाणे. १७६२ साली ‘हर्मायनी’ हे स्पॅनिश जहाज पकडले, तेव्हा दोघा कॅप्टनांस प्रत्येकी सुमारे ६५ हजार पौंड आले. खलाशाच्या वाट्यास पाचशेहूनही कमी. आपल्या कोकणात १७५६ साली विजयदुर्ग घेतल्यावर इंग्रजांनी लूट वाटली, तीही हुद्दा पाहूनच.

खलाशाचा तो २४ शिलिंगांचा दर १६५३ सालचा. पुढे महागाई वाढली, पण १४४ वर्षे दर हलला नाही. शिध्याच्या पौंडात १६ ऐवजी १४ औंसच मिळत. अर्ज झाले, ते दडपले गेले. अखेर १७९७ च्या एप्रिलात स्पिटहेड येथे खलाशांनी एकजुटीने नांगर उचलण्याचे नाकारले. तेव्हा महिन्याभरात पगार वाढला, माप पुरे झाले, आणि कित्येक जुलमी अंमलदार जहाजांवरून उतरविले गेले.

वाचकहो, मुलांस परीक्षेस जरूर बसवा. परीक्षेवाचून दार उघडत नाही. पण परीक्षा आहे एवढ्यावर समाधान मानू नका. उत्तीर्णांच्या यादीतून निवड कोण करतो, आणि सर्वांत खालच्या माणसाचा पगार किती वर्षांत वाढला नाही, हे दोन प्रश्न दर वेळी विचारा. जेथे ते विचारणारा कोणी नसतो, तेथे शिंप्याच्या मुलाने घालून दिलेला नियमही ॲडमिरलच्या मुलाच्याच उपयोगी पडतो.